छावणीतली पहिली तारीख

एका माणसाचा महिन्याचा किराणा किती रुपयांत बसतो? हा प्रश्न घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मिरची, कांदे असा हिशेब बोटांवर मांडून ती व्यक्ती लगेच उत्तर देईल, आणि वर महागाईबद्दल दोन शब्द ऐकवील. आता हाच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारू या. महिन्याला साडेसहाशे रुपयांत एका माणसाचे दोन वेळचे जेवण भागेल का? बाहेर जाऊन काम करण्याची मुभा नाही. कसायला जमिनीचा तुकडा नाही. वाटीभर पीठ उसने मागावे, तर शेजाऱ्याच्याही डब्यात तेवढेच आहे.

२०२३ सालच्या जून महिन्यात बांगलादेशाच्या कॉक्स बझार जिल्ह्यात सुमारे दहा लाख माणसांपुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. म्यानमारमधून जीव वाचवून आलेले हे रोहिंग्या निर्वासित. त्यांना अन्न पुरवण्याचे काम संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम करतो. त्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत माणशी महिना १२ डॉलरचे धान्य मिळत होते. मार्चमध्ये त्याचे १० डॉलर झाले आणि जूनपासून ८. तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये. दिवसाला २७ सेंट, म्हणजे बावीस-तेवीस रुपये.

ही कपात कशामुळे झाली? पीक बुडाले नव्हते, रस्ते तुटले नव्हते, बाजारात तांदूळही होता. कारण एवढेच होते, की देणाऱ्यांकडून पुरेसे पैसे आले नव्हते. छावणीत पैसा कुठून येतो, कसा येतो आणि तो आला नाही म्हणजे काय होते, हे आज आपण थोडे समजून घेऊ या. बातम्यांत आपण छावण्यांची चित्रे पाहतो. ताडपत्रीची छपरे, पाण्याच्या नळापाशी रांग, कडेवर मूल घेतलेली आई. त्या चित्रामागचा जमाखर्च मात्र सहसा आपल्यापर्यंत पोचत नाही.

आधी माणसांविषयी. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ नदी आणि सीमेवरचे डोंगर ओलांडून बांगलादेशात आले. त्याआधी १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१-९२ मध्येही असेच लोंढे आले होते. २०२४ पासून म्यानमारमधल्या नव्या लढाईमुळे आणखी दीड लाखाच्या आसपास माणसे आली. आज उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांतल्या ३३ छावण्यांत अकरा लाखांहून अधिक माणसे राहतात. एखाद्या महानगराएवढी वस्ती, आणि घरे बांबूची.

मी शब्दांच्या नादाला लागलेला माणूस, त्यामुळे माझे लक्ष आधी नावांकडे जाते. बांगलादेश सरकारच्या कागदोपत्री ही माणसे ‘निर्वासित’ नाहीत. त्यांना ‘सक्तीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ असे म्हटले जाते. आणि म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्वाचा कायदा तर त्यांना नागरिक म्हणून मोजतच नाही. एक देश म्हणतो, ही तुमची माणसे. दुसरा म्हणतो, आमची नव्हेत. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अकरा लाख माणसांचा संसार चालू आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर बांगलादेशाची सही नाही. भारताचीही नाही. छावणीतल्या माणसाला बाहेर जाऊन रीतसर नोकरी-धंदा करता येत नाही. छावणीत मदत संस्थांच्या कामांवर थोड्या लोकांना थोडे मानधन मिळते, एवढेच. म्हणून घरात शिजणारा भात जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून येणाऱ्या मदतीवर अवलंबून राहतो.

ही मदत हातात कशी पडते? पूर्वीसारखी पोत्यांची वाटणी आता नसते. प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड असते. दर महिन्याला घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे त्या कार्डावर रक्कम जमा होते. छावणीतल्या ठरलेल्या दुकानात कार्ड दाखवून तांदूळ, डाळ, तेल, अंडी, भाजी घ्यायची. आपल्या रेशन दुकानाची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे. चांगली गोष्ट अशी, की काय घ्यायचे हे काही प्रमाणात घरची बाई ठरवते. फरक एवढाच, की आपल्या रेशनच्या मागे संसदेने केलेला कायदा उभा आहे. धान्य मिळाले नाही तर आपण भांडू शकतो, अर्ज करू शकतो, निवडणुकीत राग काढू शकतो. कॉक्स बझारच्या कार्डामागे असा कायदा नाही. त्याच्या मागे आहे देणगी.

हा देणगी शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण साऱ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांत पैसा दोन प्रकारे येतो. पहिला प्रकार वर्गणीचा. प्रत्येक सभासद देशाच्या ऐपतीप्रमाणे त्याचा वाटा ठरतो आणि तो भरणे बंधनकारक असते. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाचा खर्च असा भागतो. शांतिसेनेचा खर्चही अशाच बांधील वर्गणीतून होतो. ही वर्गणीही वेळेवर येते असे नाही, पण ती थकली तर तिला थकबाकी म्हणतात. दुसरा प्रकार ऐच्छिक देणगीचा. द्यायची तर द्या. नाही दिली तर कुणी थकबाकीदार ठरत नाही.

निर्वासितांसाठीचे उच्चायुक्तालय १९५० मध्ये स्थापन झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून कामाला लागले. तेव्हा त्याचे आयुष्य तीन वर्षांचे धरले होते. युरोपातल्या महायुद्धाची झाडलोट झाली, की दुकान बंद करायचे, असा हिशेब. म्हणून त्याच्या घटनेतच लिहून ठेवले, की कचेरी चालवण्याचा खर्च तेवढा संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून घ्यावा. बाकी सगळे ऐच्छिक देणग्यांतून. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक होते तीन लाख डॉलर. ते तीन वर्षांचे काम आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहे. २०२४ च्या अखेरीस जगभर निर्वासितांची संख्या ४ कोटी २७ लाख होती. पण पैशाची रीत तीच राहिली. उच्चायुक्तालयाच्या खर्चापैकी एक टक्क्याहूनही कमी रक्कम नियमित वर्गणीतून येते. जागतिक अन्न कार्यक्रम तर सर्वस्वी देणग्यांवर चालतो. म्हणजे शांतिसेनेच्या बंदुकीसाठी वर्गणी आहे आणि त्याच युद्धातून पळालेल्या पोराच्या दुधासाठी झोळी.

प्रत्यक्षात ही झोळी कशी फिरते ते पाहू. दरवर्षी बांगलादेश सरकार, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि शंभराहून अधिक स्वयंसेवी संस्था मिळून एक संयुक्त आराखडा करतात. २०२५ सालासाठी त्यांनी ९३ कोटी ४५ लाख डॉलरची गरज मांडली. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तो १४ लाख ८० हजार माणसांसाठी होता, आणि त्यात निर्वासितांबरोबर आसपासच्या गावांतले गरीब बांगलादेशीही होते. भागाकार केला तर माणशी दिवसाला पावणेदोन डॉलर पडतात. आपले सुमारे दीडशे रुपये. यात अन्न आले, पिण्याचे पाणी आले, संडास, दवाखाना, बाळंतपण, शाळा, स्वयंपाकाचा गॅस, पावसाळ्यापूर्वी बदलायचे बांबू आणि ताडपत्री, सगळे आले.

आराखडा जाहीर होतो, जिनिव्हात बैठक भरते, देश उभे राहून आकडे सांगतात. आकडा सांगणे आणि पैसे पोचणे यांत अंतर असते. गावातल्या गणेशोत्सवाचा किंवा उरुसाचा हिशेब ज्यांनी ठेवला आहे त्यांना हे सांगायला नको. वहीत नाव पहिल्या दिवशी चढते, पैसे विसर्जनाच्या आदल्या रात्री येतात. मंडपवाला थांबतो. भूक थांबत नाही. तांदूळ विकत घेऊन, बोटीत भरून, छावणीच्या गोदामात आणायचा तर काही महिने आधी हातात पैसा लागतो. उशिरा आलेला डॉलर म्हणूनच अर्धा डॉलर ठरतो, कारण घाईने महाग माल घ्यावा लागतो.

दुसरी अडचण अटींची. ‘आमचे पैसे फक्त मंडपासाठी वापरा, विजेच्या बिलाला नकोत,’ असे म्हणणारे वर्गणीदार सगळीकडेच असतात. देणगीदार देशही असेच करतात. हे पैसे अमुक देशासाठी, तमुक कामासाठी, या वर्षाच्या डिसेंबरच्या आत. आपल्या करदात्यांना हिशेब द्यायचा असतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यामुळे कॅमेऱ्यांचा झोत ज्या संकटावर पडतो तिथे पैसा जमतो, आणि आठ-दहा वर्षे मुरलेले संकट कोपऱ्यात पडून राहते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, २०२३ मध्ये सुदान पेटले आणि गाझा उद्ध्वस्त होऊ लागली. प्रत्येक ठिकाणची गरज खरीच होती. पण देणाऱ्यांची थैली गरजेच्या वेगाने वाढली नाही.

तिसरी अडचण अशी, की देणारे फार थोडे आहेत. २०२४ मध्ये उच्चायुक्तालयाला मिळालेल्या एकूण पैशांत सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. चाळीतल्या एका बिऱ्हाडाने गणपतीचा निम्मा खर्च उचलायचा, अशातली ही गत. ते बिऱ्हाड उदार आहे तोवर सगळे ठीक. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली. इतर काही श्रीमंत देशांनीही हात आखडता घेतला. उच्चायुक्तालयाने त्या वर्षी जवळजवळ साडेतीन हजार पदे कमी केली.

कॉक्स बझारला याची झळ लगेच लागली. ५ मार्च २०२५ रोजी अन्न कार्यक्रमाने कळवले, की पैसे न मिळाल्यास एप्रिलपासून माणशी १२.५० डॉलरऐवजी ६ डॉलरच देता येतील. रमजानचा महिना चालू होता. १४ मार्चला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेश छावणीत गेले, तिथल्या लोकांबरोबर त्यांनी रोजा सोडला आणि जगाला मदतीची हाक दिली. महिनाअखेरीस अमेरिकेने ७ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले आणि कपात जवळजवळ टळली. एप्रिलपासून माणशी १२ डॉलर ठरले. शेवट गोड झाला असे आपण म्हणू. पण मधल्या तीन आठवड्यांत पाच पोरांच्या आईने काय विचार केला असेल? येत्या महिन्यात घरात पूर्वीएवढे धान्य येणार की त्याच्या निम्म्याहूनही कमी, हेच जिला ठाऊक नाही, ती कुठल्या मुलाचे ताट आधी लहान करील?

अन्न वाचले, शाळा वाचली नाही. २०२५ च्या जूनमध्ये युनिसेफला छावणीतल्या लहान वर्गांचे शिक्षण थांबवावे लागले. हजाराहून अधिक स्थानिक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि सुमारे २ लाख ३० हजार मुलांच्या वर्गांना कुलूप लागले. ज्या मुलाजवळ देश नाही, जमीन नाही, त्याच्याजवळ पाटी होती. तीही काही काळ काढून घ्यावी लागली, कारण तिच्या रकान्यात कुणी पैसे टाकले नव्हते.

कपात म्हणजे बचत, असा आपला घरगुती समज असतो. छावणीत हा हिशेब उलटा पडतो. २०२३ मधल्या कपातीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस मुलांमधल्या तीव्र कुपोषणाचे प्रमाण १५.१ टक्क्यांवर गेले. १५ टक्क्यांपुढे आणीबाणी मानतात. २०१७ च्या लोंढ्यानंतरचा हा सर्वांत वाईट आकडा होता. कुपोषित मूल परत उभे करायला जो खर्च येतो तो त्याला आधीच पोटभर खाऊ घालण्याच्या खर्चाहून किती तरी जास्त असतो. ताट रिकामे झाले, की मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, मुलगा कामाला जुंपला जातो, कुणी दलालाच्या बोटीत बसून मलेशिया-इंडोनेशियाकडे निघतो. २०२३ मध्ये बंगालचा उपसागर आणि अंदमानचा समुद्र ओलांडू पाहणाऱ्या सुमारे साडेचार हजार रोहिंग्यांपैकी किमान ५६९ मेले किंवा बेपत्ता झाले. अन्न कार्यक्रमाने पुढे २०२४ मध्ये पैसे मिळताच रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवली आणि ऑगस्टपर्यंत साडेबारा डॉलरवर नेली. पण समुद्रात गेलेली माणसे काही परत येणार नव्हती.

छावणीतल्या पैशाने किती मोठे काम होते, याचे उत्तम उदाहरण याच बंगालच्या मातीत आहे, आणि ते आपल्या देशाचे आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांतली ६८ लाखांच्या आसपास माणसे आठशेहून अधिक छावण्यांत राहत होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये सिमेंटच्या मोठ्या पाइपांत संसार थाटलेल्या कुटुंबांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. छावण्यांत कॉलरा पसरला. सीमेजवळच्या बनगावात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. त्यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मोजून पुडे बांधले, पाण्यात कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते, तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणारे जीवनरक्षक मिठाचे पाकीट अशा छावणीत सिद्ध झाले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. काही पैशांच्या पुड्याने माणूस वाचतो, हे जितके खरे, तितकेच काही पैशांच्या कपातीने तो मरतो, हेही खरे.

त्या एक कोटी माणसांचा खर्च कुणी केला? परदेशांतून मदत आली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी गाण्याची मैफल करून निर्वासितांसाठी पैसा उभा केला. पण मोठा भार भारतालाच उचलावा लागला, आणि तो उचलण्याची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. आधी घाईघाईने कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारला. मग डिसेंबरमध्ये खास तिकीट निघाले. रेल्वेच्या प्रवाशांवरही कर बसला. आमच्या वडिलांच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रांत अशी पाकिटे सापडतात. कुणाच्या लग्नाची बातमी, कुणाच्या नोकरीची, आणि कोपऱ्यात पाच पैशांचे ते तिकीट. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात त्या दिवशी दया होती की नव्हती, हे कुणी विचारले नाही. पत्र टाकायचे तर पाच पैसे लावायचे. ती वर्गणी होती. मार्च १९७३ अखेर ती बंद झाली. तोवर बहुतेक निर्वासित आपल्या नव्या देशात परतलेही होते.

महाराष्ट्राच्या मातीतही असा एक धडा आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या श्रमछावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. खर्चाची जबाबदारी लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने घेतली होती. स्वतःच निर्वासित झालेले सरकार आपल्या निर्वासित लेकरांच्या शाळेचा खर्च बांधून देत होते. २०१९ मध्ये त्या छावणीत वाढलेली काही माणसे म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. शाळेवर केलेला खर्च कुठे उगवतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

आता ‘जकात’ या शब्दाकडे पाहा. मराठी माणसाला जकात म्हटले, की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. २०१७ पर्यंत मुंबईत तो होता. मुसलमानाच्या घरी जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेवरच्या संपत्तीचा अडीच टक्के भाग, गरजवंतांसाठी काढून ठेवायचा. दोन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी आहे. देणे ठरलेले आहे. ते मर्जीवर नाही. मर्जीने द्यायचे त्याला वेगळा शब्द आहे, सदका. जकातीच्या हक्कदारांत घरापासून तुटलेल्या वाटसरूचीही गणना होते. उच्चायुक्तालयाने २०१९ मध्ये निर्वासितांसाठी जकातीचा स्वतंत्र निधी सुरू केला, तो या जुन्या विचाराला धरूनच. बांगलादेशातल्या रोहिंग्यांनाही त्यातून मदत पोचली. त्याने साऱ्या जगाची तूट भरून निघणार नाही. पण देण्याचे दोन प्रकार असतात, आणि भुकेला पहिला प्रकार लागतो, हे त्यातून कळते.

यावर काही प्रश्न हमखास विचारले जातात. ‘मधल्यामध्ये किती खाल्ले जाते?’ प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिला पाहिजे. कार्ड, अंगठ्याची नोंद, दुकानांची तपासणी हे सगळे त्यासाठीच असते. एक खर्च मात्र खरोखर कमी करता येतो. परदेशी संस्थांच्या मोठ्या पगारांऐवजी स्थानिक संस्थांच्या हाती जास्त पैसा देणे. २०१६ मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ठरवले होते, की २०२० पर्यंत मदतीतला चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जावा. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही.

‘आपले गरीब आधी नकोत का?’ उखिया-टेकनाफचा गरीब बांगलादेशी हेच विचारतो, आणि त्याला विचारण्याचा हक्क आहे. त्याची मजुरी घटली, त्याच्या डोंगरावरचे झाड जळणासाठी तुटले. म्हणूनच आराखड्यात त्याचाही वाटा ठेवला आहे. २०१८ पासून छावण्यांत गॅसच्या टाक्या देऊ लागल्यावर जंगलतोड थांबत गेली आणि उघडे पडलेले उतार पुन्हा हिरवे होऊ लागले. गॅससाठी पैसे नाहीत असे झाले, तर कुऱ्हाड पहिल्यांदा त्याच्याच डोंगरावर पडेल.

‘मग किती वर्षे पोसायचे?’ हा सर्वांत कठीण प्रश्न. खरे उत्तर म्यानमारमध्ये आहे. मानाने आणि सुरक्षितपणे घरी परतता आले, तर छावणीत राहायची हौस कुणालाच नाही. तोवर माणसाला हात चालवू देणे हा एक मार्ग आहे. युगांडा निर्वासितांना काम करू देतो आणि वस्त्यांत कसायला जमिनीचा तुकडा देतो. जॉर्डनने २०१६ मध्ये स्वस्त कर्जे आणि युरोपशी व्यापाराच्या सवलती यांच्या बदल्यात सीरियातल्या निर्वासितांना कामाचे परवाने दिले. दोन्हीकडे अडचणी आहेत, पण दिशा कळते. जॉर्डनमधल्याच जातारी छावणीत २०१७ मध्ये जर्मनीच्या पैशातून सौर वीज प्रकल्प उभा राहिला आणि छावणीच्या विजेच्या बिलाचे लाखो डॉलर दरवर्षी वाचू लागले. एकदाच नीट केलेला खर्च असा पुढे कामी येतो. आणि दर वर्षी नवी झोळी घेऊन निघणारा माणूस असा खर्च करूच शकत नाही. तो याही वर्षी बांबूच विकत घेतो.

तेव्हा मागणी काही फार मोठी नाही. देणगी एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी ठरवून द्यावी. तिच्यावरच्या अटी कमी कराव्यात. देणाऱ्या देशांची यादी लांब व्हावी, आणि त्यात नव्याने सधन झालेले देशही असावेत. आणि निदान अन्न, पाणी, औषध आणि पाटी एवढ्यापुरती तरी शांतिसेनेसारखी बांधील वर्गणी असावी. युद्धे मोठ्या राजधान्यांत ठरतात. त्यांचे बिल मात्र बहुतेक शेजारचा गरीब देश भरतो. जगातले सुमारे तीन चतुर्थांश निर्वासित अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात.

आपल्याकडे पगारदाराच्या घरी पहिल्या तारखेला फार महत्त्व असते. वाणी, दूधवाला, मुलांची फी, सगळे त्या तारखेला बांधलेले असते. पगार मोठा असो वा लहान, तो किती येणार हे आधी माहीत असते, म्हणून घर चालते. छावणीतल्या घरालाही महिन्याची पहिली तारीख असते. त्या दिवशी कार्डावर किती जमा होणार हे तिथल्या आईला महिनाभर आधी माहीत असावे. एवढी निश्चिंती तिला देता आली, तर पुढचा संसार ती स्वतः पाहील. साडेसहाशे रुपयांत माणूस जगवून दाखवलेली बाई आहे ती.